द्राक्षाला तपासणी, कपाशीला प्रबोधन

जुलै उजाडला की कृषी विभागाची पत्रकं निघतात. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका, नोझल तोंडाने फुंकू नका, हातमोजे घाला, उपाशीपोटी फवारणी करू नका, रिकाम्या बाटल्या नाल्यात टाकू नका. सगळं बरोबर आहे, एकही ओळ खोडण्यासारखी नाही. तरी ही पत्रकं वाचताना माझी चिडचिड होते. शेतकऱ्याला काही कळत नाही म्हणून विषबाधा होते, हे त्यांत न बोलता गृहीत धरलेलं असतं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत छोट्या शेतकऱ्याची फवारणी पार बदलून गेली. हा बदल नीट पाहिला तर त्यातले बहुतेक निर्णय त्याने घेतलेलेच नाहीत असं दिसतं. ते बियाण्याने घेतले, उधारीने घेतले, मजुरीच्या दराने घेतले आणि परवाने देणाऱ्या समित्यांनी घेतले. पत्रक मात्र त्याच्या एकट्याच्या नावाने निघतं.

2017 चा पावसाळा आठवा. जुलै ते नोव्हेंबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं दगावली. आठशेच्या आसपास लोकांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, काहींची दृष्टी कित्येक दिवस अधू राहिली. त्यांत शेतमालकांइतकेच, किंबहुना जास्तच, रोजाने फवारणारे मजूर होते. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे फवारा खाली पडण्याऐवजी तोंडावर येत होता. हवा दमट होती. जुन्या हातपंपाऐवजी बॅटरीचे आणि पेट्रोलचे पंप आले होते, त्यांचे तुषार बारीक आणि वेग जास्त. टाकीत एका औषधाऐवजी तीन-चार मिसळलेली. सरकारने विशेष तपास पथक नेमलं, मृतांच्या वारसांना दोन लाख रुपये जाहीर झाले आणि नोव्हेंबरमध्ये यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत पाच औषधांच्या विक्रीवर बंदी आली. त्यांत मोनोक्रोटोफॉस होतं, ॲसिफेट होतं, डायफेंथियुरॉन होतं, आणि दोन तयार मिश्रणं होती. बंदी होती साठ दिवसांची. फवारणीचा हंगाम तेव्हा जवळपास उरकला होता.

साठच दिवस का, याचं उत्तर 1968 च्या कीटकनाशक कायद्यात आहे. त्याच्या 27 व्या कलमानुसार राज्य सरकारला सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एखादं कीटकनाशक साठ दिवसांपुरतं थांबवता येतं, फार तर आणखी तीस दिवस वाढवता येतात. कायमचा निर्णय केंद्राचा. म्हणजे माणसं यवतमाळात मरणार आणि औषध बाजारात राहावं की नाही हे दिल्ली ठरवणार. या कायद्याला पर्याय म्हणून 2020 साली राज्यसभेत एक विधेयक मांडलं गेलं, ते पुढे संसदीय समितीकडे गेलं. समितीकडे गेलेल्या विधेयकांचं आपल्याकडे पुढे काय होतं ते वेगळं सांगायला नको.

आता कपाशी त्या अवस्थेला पोचली कशी ते पाहू, कारण फवारणीच्या बदलाची मूळ गोष्ट तिथेच आहे. नव्वदच्या दशकात देशातल्या एकूण लागवडीत कपाशीचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास असताना निम्म्याच्या जवळपास कीटकनाशक तिच्यावर पडत होतं. हिरव्या बोंडअळीने पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांना दाद देणं बंद केलं होतं. 2002 मध्ये बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कपाशीला, परवानगी मिळाली, 2006 मध्ये दोन जनुकांची बोलगार्ड-2 आली, आणि बोंडअळीवरच्या फवारण्या खरोखर झपाट्याने कमी झाल्या. हे मान्य करायला हवं. बीटीला सरसकट शिव्या घालणाऱ्यांनी तेव्हाच्या शेतकऱ्याला विचारावं, तो सांगेल की पहिल्या काही वर्षांत त्याच्या पाठीवरचा पंप किती हलका झाला.

पण बियाणं बाजारात उतरलं ते संकरित वाणांच्या रूपाने, आणि पाहता पाहता हजारावर वाण मंजूर झाले. त्यांतले कितीतरी तुडतुड्यांना आणि पांढऱ्या माशीला सहज बळी पडणारे. अळी गेली आणि रसशोषक किडी आल्या. त्यांच्यासाठी इमिडाक्लोप्रिडसारखी नवी औषधं आली, काही वर्षांत तीही लागू पडेनाशी झाली. 2010 च्या सुमारास गुजरातमध्ये गुलाबी बोंडअळीने पहिल्या जनुकाला दाद न दिल्याचं जाहीर झालं, आणि दशकाच्या मध्यापर्यंत दुसरंही जनुक निकामी झालं. 2017 मध्ये महाराष्ट्रात तिने हाहाकार केला. केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक के. आर. क्रांती आणि मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी 2020 मध्ये वीस वर्षांच्या आकडेवारीचा आढावा घेतला. त्यांचा निष्कर्ष असा की शेतकरी आज कीटकनाशकांवर बीटी येण्याआधीपेक्षा जास्त पैसे खर्च करतो आहे.

इथेही दोष शेतकऱ्याच्या माथी मारला गेला. त्याने आश्रय पीक, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती वाढू नये म्हणून लावायची बिगर-बीटी कपाशी, लावलं नाही; त्याने फरदड घेतली, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून पुन्हा कापूस घेतला. दोन्ही आरोप खरे आहेत आणि दोन्ही अर्धवट. बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमची बिगर-बीटी पुडी मिळायची, आणि ती बांधाकडेच्या ओळींत लावायची असा नियम होता. महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र 2015-16 च्या कृषी गणनेनुसार 1.34 हेक्टर. एवढ्या जमिनीतला काही भाग अळीला खायला सोडा, म्हणजे पुढच्या दहा वर्षांत सगळ्यांचं भलं होईल, असं कोरडवाहू शेतकऱ्याला सांगायचं आणि त्याबद्दल त्याला एक रुपयाही द्यायचा नाही. फरदडीचंही तसंच. डिसेंबरात पऱ्हाटी उपटली की अळीची साखळी तुटते हे विदर्भातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण ओलिताची सोय असलेल्याला फेब्रुवारी-मार्चपर्यंत आणखी चार क्विंटल कापूस दिसत असेल, आणि रब्बीसाठी खात्रीचं दुसरं पीक समोर नसेल, तर तो उपटेल कशाला?

आता दुकानाकडे वळू. गावातला कृषी सहाय्यक किती गावं सांभाळतो आणि त्याचा किती वेळ योजनांच्या अर्जांत जातो, हे ज्याने एकदा त्याच्यासोबत दिवस काढला असेल त्याला कळेल. 2003 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत सरकारी विस्तार कर्मचाऱ्याकडून माहिती मिळते असं सांगणारे शेतकरी सहा टक्क्यांच्याही आत होते, आणि निविष्ठा विक्रेत्याकडून, म्हणजे बियाणं-खतं-औषधांच्या दुकानदाराकडून, घेणारे तेरा टक्के. तेव्हापासून ही दरी कमी झाल्याची लक्षणं मला तरी कुठे दिसत नाहीत. शेतकरी पिशवीत चार पानं घेऊन किंवा मोबाइलवर फोटो काढून कृषी केंद्रात येतो. ‘भाऊ, मागच्या वेळचं लागू पडलं नाही, जरा जहाल द्या.’ काउंटरवरून अळीचं एक, रसशोषकाचं एक, बुरशीचं एक आणि वरून एक टॉनिक पुढे सरकतं. पैसे कापूस विकल्यावर. ज्याच्याकडे उधारी आहे त्याने दिलेलं औषध नाकारून शेजारच्या दुकानात जाता येत नाही. दुकानदाराच्या डोक्यावर कंपनीचं टार्गेट असतं, आणि ते गाठलं की परदेशवारी. यात कोणी खलनायक शोधू नये. सल्ला देणाऱ्याचं पोट विक्रीवर असेल तर तो विकण्याचाच सल्ला देणार. डॉक्टरनेच औषधाचं दुकान चालवलं आणि वर उधारीही दिली, तर चिठ्ठी लांबच होणार.

2015 साली केंद्राने नियम केला की कीटकनाशक विक्रेत्याला कृषी किंवा संबंधित विषयाची पदवी हवी. विक्रेत्यांनी ओरड केली, मुदती वाढत गेल्या, आणि शेवटी जुन्या विक्रेत्यांसाठी बारा आठवड्यांच्या प्रमाणपत्रावर भागवण्यात आलं. प्रमाणपत्र वाईट नाही. पण ज्ञान वाढलं म्हणून काउंटरवरचं गणित बदलत नाही. पदवीधर दुकानदारही महिनाअखेरीला टार्गेटच मोजतो.

टाकीत चार-चार औषधं मिसळण्याला ‘अज्ञान’ म्हणणारे मजुरीचा हिशेब करत नाहीत. फवारणारा मजूर पंपामागे पैसे घेतो. चार औषधं वेगवेगळी मारायची तर चार फेऱ्यांची मजुरी, चार दिवसांचं पाणी, आणि मधे पाऊस आला तर सगळं वाया. एकत्र मिसळलं की एका फेरीत काम उरकतं. मजुराचं गणितही तसंच. दिवसात जितके पंप जास्त तितके पैसे जास्त, मग तो दुपारच्या उन्हात का थांबेल, आणि रबरी मोजे, मास्क, अंगभर प्लॅस्टिक घालून का दमेल? भादव्यातल्या त्या उकाड्यात ते अंगावर चढवून तासभर तरी उभं राहून बघावं. हे पोशाख सुचवणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी कितींनी ते केलं असेल याची मला शंका आहे. घरगुती मिश्रणाचा एकत्रित परिणाम माणसावर काय होतो, हे नोंदणीच्या वेळी कुणी तपासत नाही. औषधाची नोंदणी होते ती त्या औषधापुरती. डॉक्टरांपुढचं कोडं त्याहून अवघड. मोनोक्रोटोफॉससारख्या ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या औषधाची बाधा असेल तर ॲट्रोपिन देता येतं, फिप्रोनिल किंवा डायफेंथियुरॉनला नेमका उतारा नाही. आणि टाकीत नेमकं काय होतं हे मजुराला ठाऊक नसतं, कारण बाटल्या मालकाने बांधावर उघडलेल्या असतात.

फवारणीत गेल्या काही वर्षांत सर्वांत मोठा बदल झाला आहे तो तणनाशकाचा, आणि त्यावर सर्वांत कमी बोललं जातं. निंदणीला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर एकाच आठवड्यात सगळ्या गावाला हव्या असतात. पाऊस लागून राहिला की डवरा चालत नाही आणि तण पिकाच्या वर जातं. तणनाशकाची एक फवारणी निंदणीच्या दोन पाळ्यांची मजुरी वाचवते. म्हणूनच तणनाशक सहन करणारं, परवानगी नसलेलं एचटीबीटी कपाशीचं बियाणं गुजरात आणि आंध्रातून येतं आणि विदर्भात खपतं. 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरून आंदोलनही केलं. त्या आंदोलनातली अडचण खरी होती, असं माझं मत आहे. पण बेकायदा बियाण्यात काय बिघडलं तर जबाबदार कोण? बिल नाही, लेबल नाही, तक्रारीला जागा नाही. 2022 मध्ये केंद्राने आदेश काढला की ग्लायफोसेट हे तणनाशक फक्त परवानाधारक कीड नियंत्रण व्यावसायिकानेच मारावं. असा व्यावसायिक तुमच्या तालुक्यात पाहिलाय कुणी? आदेश कागदावर, फवारा शेतात. पॅराक्वाट या दुसऱ्या तणनाशकाची स्थिती आणखी वाईट. ते पोटात गेलं तर उतारा नाही, युरोपीय संघाने 2007 मध्येच त्याला बाहेर काढलं, आपल्याकडे ते खुशाल विकलं जातं. आणि निंदणीच्या त्या बायकांचं काय, त्यांचा श्रावण-भादव्याचा रोज गेला त्याची भरपाई कशात होणार, हा प्रश्न तर कुठल्याच बैठकीत निघत नाही.

या सगळ्यावर उद्योगाचं एक ठरलेलं उत्तर असतं: भारतात हेक्टरी कीटकनाशकाचा वापर सरासरी एक किलोच्याही आत आहे, चीन-जपानच्या तुलनेत नगण्य. आकडा खोटा नाही, पण त्यातून काही कळत नाही. या सरासरीत ज्वारी-बाजरीची, कधीच न फवारलेली शेतं येतात आणि दर आठवड्याला फवारलेली वांगीही येतात. शिवाय वजन हे आता मापच राहिलेलं नाही. एमामेक्टिन बेंझोएट या अळीनाशकाची पाच टक्क्यांची पुडी हेक्टरी 220 ग्रॅम लागते, म्हणजे त्यातलं मूळ रसायन अवघं 11 ग्रॅम. एंडोसल्फानच्या काळात हाच हिशेब शेकडो ग्रॅममध्ये जायचा. किलो कमी झाले म्हणून फवारण्या कमी झाल्या असं होत नाही, जोखीम कमी झाली असं तर मुळीच नाही. एंडोसल्फान 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं तेव्हाही किलोंचा आकडा खाली आलाच असणार.

मग छोटा शेतकरी जबाबदारीने फवारू शकतो का? शकतो, आणि त्याचा पुरावा याच राज्यात आहे. 2003 मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मिथोमिल आणि ॲसिफेटचे अंश सापडले आणि निर्यात अडचणीत आली. त्यानंतर नाशिक-सांगलीच्या बागांसाठी एक पूर्ण यंत्रणा उभी राहिली. निर्यातीची बाग कृषी विभागाकडे नोंदवायची, प्लॉटला क्रमांक, कोणतं औषध कोणत्या तारखेला मारलं याची नोंद, काढणीआधी किती दिवस फवारणी बंद याची यादी, माल निघण्याआधी प्रयोगशाळेत नमुना. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात संदर्भ प्रयोगशाळा आहे. ‘अपेडा’ या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेने ग्रेपनेट ही नोंदप्रणाली सुरू केल्यावर रॉटरडॅमच्या बंदरात उघडलेल्या पेटीवरून नाशिक जिल्ह्यातला प्लॉट शोधता येऊ लागला. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढ-नियंत्रक सापडलं तेव्हा मोठा फटका बसला, तर तेही तपासणीच्या यादीत आलं. या बागा बड्या जमीनदारांच्या नाहीत, दोन-चार एकरवाल्यांच्याच जास्त. हीच माणसं फवारणीची वही ठेवतात, लेबल वाचतात, दुकानदाराला ‘हे यादीत नाही, नको’ म्हणतात.

फरक माणसांत नाही. द्राक्षाला विचारणारा कुणी आहे, आणि त्याने नाकारलं तर पैसे बुडतात. कपाशीला विचारणारा कुणी नाही, कारण कपाशी खाल्ली जात नाही आणि तिच्या फवाऱ्याने मरतो तो मजूर ग्राहक नसतो. गावच्या बाजारातल्या टोमॅटोलाही कुणी विचारत नाही. मला यातलं सर्वांत बोचतं ते हे की 2003 मध्ये युरोपच्या ताटात सापडलेलं मिथोमिल आपण देशात बंद केलं 2023 मध्ये. ॲसिफेट तर 2017 च्या यवतमाळच्या यादीत पुन्हा भेटलं. मोनोक्रोटोफॉसची कथा अशीच: 2005 मध्ये भाज्यांवर बंदी, पण दुकानात बाटली तीच. 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणात त्याचा अंश जाऊन 23 मुलं दगावली, 2017 मध्ये यवतमाळ, आणि त्याचं 36 टक्क्यांचं द्रावण मागे घ्यायचं ठरलं 2023 मध्ये, तेही शिल्लक साठा संपवायची सवलत देऊन.

‘मग सगळंच बंद करा, सेंद्रियाकडे वळा’ असं म्हणणाऱ्यांना मी श्रीलंकेकडे बोट दाखवतो, आणि एकदा नाही, दोनदा. तिथे 1995 पासून अतिजहाल कीटकनाशकं एकेक करून बाजारातून काढली गेली. पुढच्या दोन दशकांत आत्महत्यांचं प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरलं, पिकांचं उत्पादन त्यामुळे घसरल्याचं दिसलं नाही. त्याच देशाने 2021 मध्ये एका फटक्यात सगळी रासायनिक खतं आणि औषधं आयात करणं थांबवलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निर्णय गुंडाळावा लागला. निवडून काढलेलं विष जातं, रातोरात लादलेलं व्रत टिकत नाही. निंबोळी अर्क, कामगंध सापळे, मित्रकिडी यांचं महत्त्व मी नाकारत नाही. 2009 पासून महाराष्ट्रात क्रॉपसॅप या सरकारी योजनेतून किडींचं सर्वेक्षण होतं, आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली की सल्ला जातो. चांगली कल्पना आहे. पण तो सल्ला मोबाइलवर येतो आणि औषध उधारीवर मिळतं, मग ऐकायचं कुणाचं?

ड्रोनचंही आता बरंच कौतुक चाललं आहे. महिला बचत गटांना ड्रोन देण्याची केंद्राची योजना 2023 मध्ये मंजूर झाली, पंधरा हजार गटांचं लक्ष्य ठेवलं गेलं. माणूस फवाऱ्याच्या ढगातून बाहेर येतो, हा फायदा निर्विवाद. पण एकराला दीडशे-दोनशे लिटरऐवजी दहा-एक लिटर पाणी म्हणजे द्रावण कितीतरी पटींनी तीव्र, आणि ते कालवणारे हात पुन्हा माणसाचेच. अर्धा एकर कपाशी, शेजारी तूर, बांधावर कुणाची तरी भाजी, अशा शेतांत वाऱ्यावर जाणाऱ्या तुषारांचा हिशेब कोण ठेवणार? ही यंत्रणा वाढायच्या आधी ठरवायला हवं, नंतर नाही.

मला हवं ते फार क्रांतिकारक नाही. लेबलवर लाल त्रिकोण असलेली, म्हणजे अतिजहाल, औषधं, जिथे दुसरा पर्याय उपलब्ध आहे तिथे, नोंदणीच्या पातळीवरच काढा, जिल्ह्याजिल्ह्यात साठ दिवस थांबवत बसू नका. राज्याला ज्यादा अधिकार हवे असतील तर नव्या कायद्यात द्या. कृषी केंद्राच्या बिलावर पीक आणि कीड लिहिण्याची सक्ती करा, म्हणजे कपाशीचं औषध टोमॅटोसाठी विकलं गेलं तर विक्रेत्याला जाब विचारता येईल. सल्ला विक्रीपासून तोडायचा असेल तर रिकामी पदं भरा, आणि कृषी सहाय्यकाकडून योजनांचे अर्ज काढून घ्या. मजुरांचं संरक्षण तर अजून सुरूच झालेलं नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत जंतुनाशकं हाताळताना झालेली विषबाधा धरलेली आहे, दोन लाखांची मदतही आहे, पण ती सातबारावर नाव असलेल्या खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला. पंपामागे पैसे घेणारा भूमिहीन त्यात बसत नाही, आणि पाठीवर पंप बहुतेक वेळा त्याच्याच असतो.

आणि मोजणी. 1968 च्याच कायद्याचं 26 वं कलम राज्य सरकारला अधिकार देतं की विषबाधेच्या प्रत्येक घटनेची माहिती कळवणं बंधनकारक करावं. अर्धशतक उलटून गेलं. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयातून, औषधाच्या नावासह, पीक आणि पंपाच्या प्रकारासह, मजूर की मालक या नोंदीसह, हा आकडा दर आठवड्याला जाहीर करायला नवा कायदा लागत नाही, एक शासन निर्णय पुरेसा आहे. तो निघेपर्यंत पुढच्या जुलैतल्या पत्रकात हातमोज्यांचं चित्र थोडं मोठं करून छापतील, एवढंच.